आधी कीर्द, मग खतावणी

वेबसाइटवर कोण येते-जाते ते मोजायचे ठरले की डेटाबेसात पहिले टेबल तयार होते ते बहुधा दोन रकान्यांचे: पानाचे नाव आणि भेटींचा आकडा. पान उघडले की त्याच्या ओळीतला आकडा एकने वाढवायचा, झाले काम. समजा, दिवाळी अंकांची माहिती देणारी शंभरेक पानांची एखादी साइट आहे. तिचे हे टेबल शंभर ओळींपलीकडे कधी जाणार नाही आणि ‘सर्वाधिक वाचलेले’ अशी यादीही चुटकीसरशी निघेल. मोह पडावा असाच हा साधेपणा. पण वसुबारसेला मुखपृष्ठाच्या भेटी अचानक दुप्पट झाल्या तर त्या वाचकांच्या की कुठल्या बॉटच्या, हे या टेबलाला विचारून पाहा. त्याला सांगता येणार नाही. ४,३१२ चे ४,३१३ झाले त्याच क्षणी ती भेट कधी झाली, कुठून झाली, कोणत्या ब्राउझरातून झाली हे सगळे कायमचे गेले. बॉटच्या भेटी नंतर वजा करू म्हटले तरी जमत नाही, कारण त्या कोणत्या होत्या याची खूणच उरलेली नसते. शिवाय हे टेबल दिसते तितके चपळही नाही. मुखपृष्ठाची ओळ एकच असल्याने एका वेळी दोनशे जण आले तर दोनशे व्यवहार त्या एका ओळीच्या कुलपापाशी रांगेत उभे राहतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तर आकडा बदलला की ओळीची नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी मृत होऊन तिथेच पडून राहते. ‘व्हॅक्यूम’ची झाडलोट होईपर्यंत शंभर ओळींच्या टेबलात हजारो मृत ओळी साचू शकतात. नुसती नवी ओळ जोडत जाणाऱ्या टेबलात कुणाला कुणासाठी असे खोळंबावे लागत नाही.

एवढे कळल्यावर बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘व्हिजिटर’ नावाचे भरगच्च टेबल करतात. त्यात आयपी पत्ता, ब्राउझर, पहिली भेट, शेवटची भेट, एकूण भेटी, शेवटी पाहिलेले पान, असे सगळे एका ओळीत. खरी गफलत इथे होते असे मला वाटते, आणि ती पहिल्या टेबलापेक्षा फसवी आहे. पहिल्या टेबलात माहिती कमी होती हे निदान दिसत तरी होते. इथे जी गोष्ट कुणी पाहिलेलीच नाही ती पाहिल्यासारखी नोंदवलेली असते. सर्व्हरला व्हिजिटर कधीच दिसत नाही. त्याला दिसते रिक्वेस्ट. व्हिजिटर हा अनेक रिक्वेस्ट जुळवून बांधलेला अंदाज. म्हणून जे घडताना दिसले ते एका जागी, दिसले तसे लिहावे. त्यावरून जे काही काढले असेल ते दुसऱ्या जागी, पुसून पुन्हा काढता येईल असे ठेवावे. पेढीवरचे दिवाणजी हेच करत आले. व्यवहार घडला त्या क्रमाने कीर्दीत, आणि कीर्दीवरून खातेवार खतावणी. खतावणी चुकली तर कीर्दीवरून नव्याने मांडता येते. नुसत्या खतावणीवरून कीर्द उभी करता येत नाही.

व्हिजिटर हा अंदाज का, हे एका रिक्वेस्टकडे जवळून पाहिले की पटते. एचटीटीपी हा वेबचा नियमसंच मुळात विसरभोळा आहे. प्रत्येक रिक्वेस्ट स्वतंत्र, मागच्या रिक्वेस्टशी तिची ओळख नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये साधारण असे उमटते: २०३.०.११३.२५ या आयपी पत्त्यावरून, रात्री ११ वाजून ४७ मिनिटांनी, अमुक पान मागितले. उत्तराचा कोड २००, म्हणजे पान सापडले. इतके बाइट पाठवले. गूगलच्या पानावरून दुवा दाबला होता. आणि ब्राउझर स्वतःला असे असे म्हणवतो. यातले माणसाबद्दल काय आहे? आयपी पत्ता म्हणावा, तर मोबाइल कंपन्या पत्त्यांच्या टंचाईमुळे शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, आणि तोच ग्राहक घरच्या वायफायवर गेला की त्याचा पत्ता बदलतो. ब्राउझरची ओळख म्हणावी, तर क्रोम, सफारी, फायरफॉक्स सगळेच जुन्या सुसंगतीपायी स्वतःला ‘मोझिला ५.०’ म्हणवून सुरुवात करतात. त्यात २०२२-२३ मध्ये क्रोमने ही ओळख मुद्दाम बोथट केली. आता अँड्रॉइड फोन कोणत्याही कंपनीचा, कोणत्याही आवृत्तीचा असो, त्यावरचा क्रोम फोनबद्दल ‘अँड्रॉइड १०, के’ एवढेच सांगतो. म्हणजे एकाच मोबाइल कंपनीचे, एकाच पत्त्यामागे बसलेले, क्रोमची एकच आवृत्ती वापरणारे नाशिकचे तीनशे वाचक ‘आयपी अधिक ब्राउझर’ या जोडीने ओळखू पाहणाऱ्या टेबलात एका ओळीत कोंबले जातील, आणि त्यातल्या एकाने संध्याकाळी घरी जाऊन तेच पान पुन्हा उघडले की तो नवा व्हिजिटर म्हणून दाखल होईल.

कुकीने हा प्रश्न सुटतो असे वाटते. नेटस्केपच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी आणली ती या विसरभोळेपणावर उतारा म्हणूनच. पण कुकी ओळखते ब्राउझरला. घरातला एक फोन आई, मुलगा आणि आजोबा वापरत असतील तर तिघांची कुकी एक. एकच माणूस फोनवर आणि कचेरीतल्या संगणकावर वाचत असेल तर त्याच्या कुकी दोन. सफारीने २०१९ पासून जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचे आयुष्य सात दिवसांवर आणले. दर पंधरवड्याला येणारा वाचक अशा कुकीच्या हिशेबी प्रत्येक वेळी नवखाच. कुकी मुळीच न स्वीकारणारे ब्राउझर वेगळेच. त्यांच्या प्रत्येक रिक्वेस्टला नवा क्रमांक देऊन टाकण्याची चूक फार सहज होते, आणि मग दहा पाने वाचणारा एक वाचक दहा माणसे बनून बसतो. त्या रकान्यात नल ठेवणे हेच प्रामाणिक. ‘माहीत नाही’ असे म्हणायची सोय रिलेशनल डेटाबेसात आहे, ती वापरायला लाजू नये.

तर मुख्य टेबल रिक्वेस्टचे. एक ओळ म्हणजे एक रिक्वेस्ट, याहून कमी नाही, जास्त नाही. डेटा वेअरहाऊसवरचे राल्फ किंबॉल यांचे १९९६ चे पुस्तक गाजले. ओळीचे हे परिमाण आधी ठरवा आणि मग रकान्यांकडे वळा, हा त्यांचा आग्रह, आणि तो रास्त आहे. ओळीत वेळ, पानाचा क्रमांक, ब्राउझर-वर्णनाचा क्रमांक, कुकीचा क्रमांक किंवा नल, आयपी पत्ता, उत्तराचा कोड, आणि कुठून आला त्या साइटचा क्रमांक. पाने, ब्राउझर-वर्णने, कुकी, साइट यांची टेबले बाजूला, फॉरेन कीने जोडलेली. ब्राउझरचे वर्णन शंभर-सव्वाशे अक्षरांचे असते पण फिरून फिरून तेच येते. १२० बाइटांचा तो मजकूर २० लाख ओळींत लिहिला तर २४ कोटी बाइट जातात; त्याऐवजी चार बाइटांचा क्रमांक लिहिला तर ८० लाखांत भागते. आयपी पत्ताही मजकूर म्हणून ठेवू नये. आयपीव्ही४ चा पत्ता मुळात चार बाइटांचा आकडा आहे, आयपीव्ही६ चा सोळा बाइटांचा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्यासाठी वेगळा प्रकारच आहे, मायएसक्यूएलमध्ये सोळा बाइटांचा बायनरी रकाना पुरतो. यात मोठे तत्त्वज्ञान नाही, नुसती काटकसर आहे.

पानाच्या पत्त्याशी मात्र जरा थांबले पाहिजे, कारण मराठी साइट इथे हमखास ठेचकाळतात. ब्राउझर देवनागरी पत्ता तसाच पाठवत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरे. ‘दिवाळी’ या शब्दात वेलांट्या-काने धरून सहा चिन्हे, त्यांची चोपन्न अक्षरे झाली. इंग्रजी साइटींच्या सवयीने २५५ अक्षरांचा रकाना ठेवला की त्यात देवनागरीची जेमतेम अठ्ठावीस चिन्हे मावतात. मराठी लेखाचे एक मथळ्याएवढे नाव त्यात बसत नाही. कडक मोड बंद असलेल्या मायएसक्यूएलमध्ये उरलेला भाग मुकाट्याने कापला जातो, आणि पहिली अठ्ठावीस चिन्हे सारखी असलेले चार वेगळे लेख आकडेवारीत एकच लेख होऊन बसतात. उलट बाजूने, फेसबुकवरून आलेल्या दुव्याला ‘एफबीसीएलआयडी’ नावाचे दर दाबण्याला बदलणारे शेपूट असते. ते न छाटता पाने मोजली तर एकाच लेखाचे हजार लेख होतात. शेपूट छाटायचे, पण कुठले छाटायचे हा नियम आपण ठरवलेला असतो आणि तो उद्या बदलतो. म्हणून आलेला पत्ता जसाच्या तसा एका लांब रकान्यात, आणि त्यावरून ठरवलेला पानाचा क्रमांक वेगळ्या रकान्यात. नियम सुधारला की क्रमांक पुन्हा लावता येतात.

हेच सेशनचे. वाचकाने एका बैठकीत काय काय पाहिले हे कळावे म्हणून रिक्वेस्ट एकत्र बांधतात, आणि रूढ नियम असा की तीस मिनिटे शांतता झाली की बैठक संपली. तीसच का, याला निसर्गात काही आधार नाही. दिवाळी अंकातली दीर्घकथा वाचणारा चाळीस मिनिटे पान न हलवता वाचत असू शकतो. गूगल अॅनॅलिटिक्सच्या जुन्या पद्धतीत मध्यरात्र झाली की सेशन तोडले जाई. ११:५० ला वाचायला बसलेला माणूस १२:१० ला दुसरी भेट ठरे. २०२० मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीने मध्यरात्रीचा नियम सोडला आणि सगळी मांडणीच सेशनवरून हलवून एकेका घटनेवर आणली. १ जुलै २०२३ ला जुन्या पद्धतीचे काम थांबले आणि त्यातला इतिहास नव्या पद्धतीत काही आणता आला नाही. एवढ्या मोठ्या कंपनीने एवढा खटाटोप करून घटनेच्या ओळीकडे यावे, हा या लेखाच्या म्हणण्याला मिळालेला चांगलाच दुजोरा म्हणायचा. रिक्वेस्टच्या ओळी हाताशी असतील तर सेशन क्वेरीने काढता येते: एका कुकीच्या ओळी वेळेने लावायच्या, ‘लॅग’ या फंक्शनने आधीच्या ओळीची वेळ बघायची, फरक तीस मिनिटांहून जास्त असेल तिथे नवी बैठक. मायएसक्यूएलमध्ये ही सोय २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून आहे. उद्या तीसचे साठ करावेसे वाटले तर क्वेरीतला एक आकडा बदलायचा, मागच्या सगळ्या वर्षांसकट.

वेळेच्या रकान्याबद्दल भारतातल्या साइटींना एक खास इशारा. सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपली मध्यरात्र यूटीसीच्या १८:३० ला होते. आता कुणी जागा वाचवायला म्हणून दर तासाची बेरीज तेवढी ठेवली आणि मूळ ओळी टाकून दिल्या, तर १८ ते १९ या तासाच्या बेरजेत अर्धा तास आजचा आणि अर्धा उद्याचा असतो, आणि तो वेगळा करायला काही मार्ग उरत नाही. न्यूयॉर्क किंवा लंडनच्या साइटींना ही अडचण येत नाही, त्यांचा फरक पूर्ण तासांचा असतो. म्हणून तिकडून आयात केलेल्या मांडणीत तिची दखल नसते.

बेरजांचा आणखी एक दोष आहे आणि तो कुठल्याच देशात सुटलेला नाही. पाने किती उघडली याची दररोजची बेरीज करून महिन्याची काढता येते. वेगवेगळे वाचक किती, याची नाही. एकच वाचक सोमवार ते रविवार रोज आला तर रोजचे वाचक एकेक, बेरीज सात, आणि आठवड्याचा खरा आकडा एक. साइटींच्या जाहिरात-पत्रकांतून ‘महिन्याला इतके लाख वाचक’ असे जे छापले जाते त्यातले काही आकडे अशा बेरजेतून आलेले असले तर नवल नको. वेगळे मोजायला मूळ ओळी लागतात, किंवा फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या हायपरलॉगलॉगसारखी पद्धत लागते. ती थोड्याशा जागेत अंदाजे आकडा ठेवते आणि दिवसांचे अंदाज जोडून महिन्याचा देते. रेडिस या डेटाबेसात बारा किलोबाइटांत सुमारे ०.८१ टक्के प्रमाण चुकीने हे काम होते.

यावर पहिला आक्षेप जागेचा. प्रत्येक रिक्वेस्टची ओळ ठेवली तर टेबल फुगून फुटेल. हिशेब करून पाहू. रोज ५० हजार रिक्वेस्ट म्हणजे मराठी साइटीला बरीच चांगली गर्दी झाली. वर्षाच्या १ कोटी ८२ लाख ५० हजार ओळी. ओळ शंभर बाइटांची धरली तर इंडेक्स सोडून पावणेदोन-दोन जीबी. फोनवर घेतलेल्या लग्नाच्या व्हिडिओंना याहून जास्त लागते. वेगाची तक्रार खरी आहे, पण तिला उत्तर आहे: रोजच्या बेरजांचे वेगळे टेबल रात्री भरायचे आणि पडद्यावरचे आलेख त्यावरून काढायचे. खतावणी ठेवू नये असे इथे कुणी म्हणत नाही. ती एकटी ठेवू नये एवढेच. दुसरा आक्षेप रिलेशनल डेटाबेसच कशाला, असा. रोज कोट्यवधी ओळी येत असतील तर क्लिकहाउससारखे रकान्यांनुसार साठवणारे डेटाबेस नक्कीच सरस. लहान साइटीला मात्र वाचन हे लेख, लेखक, वर्गणीदार यांच्याशी जोडून पाहायचे असते आणि ती टेबले आधीच रिलेशनल डेटाबेसात असतात. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी जून १९७० च्या निबंधात रिलेशनल मॉडेल मांडले तेव्हा त्यांचा एक रोख असा होता की तोवरच्या रचनांमध्ये माहितीपर्यंत जायची वाट आधीच आखलेली असे. वाट बदलली की प्रोग्रॅम मोडत. भेटींचा नुसता आकडा ठेवणारे टेबल तशीच आधी आखलेली वाट असते, डेटाबेस कितीही आधुनिक असला तरी.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. प्रत्येक रिक्वेस्ट जपून ठेवणे म्हणजे लोकांवर पाळत ठेवणे नाही का? आहे, आणि क्रमांक लावले म्हणून ती कमी होत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे जवळपास दोन कोटी शोध संशोधकांसाठी खुले केले, नावांच्या जागी क्रमांक घालून. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी शोधांच्या मजकुरावरून त्यातल्या एका वृद्ध महिलेचे घर शोधून काढले. आयपी पत्त्याऐवजी त्याचे हॅश, म्हणजे त्यावरून ठरावीक सूत्राने काढलेले सांकेतिक रूप, ठेवले की झाले, हा समजही भाबडा आहे. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून ४,२९,४९,६७,२९६. साधा संगणक त्या सर्वांचे हॅश काढून यादी बनवू शकतो आणि मग हॅशवरून पत्ता हुडकणे म्हणजे शब्दकोशात शब्द पाहणे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या फेऱ्यांची माहिती बाहेर आली तेव्हा परवाना क्रमांक असेच हॅश करून झाकले होते आणि ते काही तासांच्या कामाने उघडे पडले. युरोपच्या न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०१६ च्या निकालात बदलत्या आयपी पत्त्यालाही, माणसापर्यंत पोचायचा कायदेशीर मार्ग उपलब्ध असेल तर, व्यक्तिगत माहिती मानले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा म्हणतो की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले की ती पुसली पाहिजे.

या आक्षेपापुढे आपले म्हणणे थोडे आवळून घ्यावे लागते. कीर्द लिहावीच, पण ती कायमची जपण्याचा हट्ट सोडावा. मराठी विकिपीडियासकट सगळे विकिपीडिया चालवणारे विकिमीडिया फाउंडेशन याचे उत्तम उदाहरण आहे. रिक्वेस्टच्या कच्च्या नोंदी ते साधारण नव्वद दिवसच ठेवते, आणि किती उपकरणांवरून वाचन झाले ते मोजायला त्याने जी पद्धत काढली तीत कुणालाही क्रमांक दिला जात नाही. त्या पद्धतीतली कुकी फक्त शेवटच्या भेटीची तारीख ठेवते. ब्राउझरने पाठवलेली तारीख आजच्या आधीची असेल तर आजच्या हिशेबात हे उपकरण पहिल्यांदाच आले. या महिन्याच्या आधीची असेल तर महिन्याच्या हिशेबातही. लाखो ब्राउझर एकच तारीख बाळगून फिरत असतात, त्यामुळे त्या तारखेवरून कुणी ओळखू येत नाही. व्हिजिटरचे टेबल एकही नाही आणि तरी दिवसाचा आणि महिन्याचा आकडा हाती येतो. अर्थात एका वाचकाचा सहा महिन्यांचा प्रवास यातून कळणार नाही; तो कळावा असे ज्याला वाटते त्याने तो कशासाठी हवा हे आधी स्वतःला नीट विचारावे.

मुदतीचे हे काम टेबलाच्या रचनेतच बसवता येते. रिक्वेस्टचे टेबल महिन्यांच्या पार्टिशनांत विभागावे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून हे सरळ लिहिता येते. लाखो ओळी एकेक करून खोडायला डेटाबेसाला घाम फुटतो, पण चौथ्या महिन्यापूर्वीचे पार्टिशन आख्खे काढून टाकायला क्षण पुरतो. काढण्याआधी बेरजा झालेल्या हव्यात, बॉट वेगळे केलेले हवेत, दिवसाची हद्द भारतीय वेळेने धरलेली हवी; म्हणजे तीन महिन्यांच्या आत खतावणीतल्या चुका सापडल्या पाहिजेत, नंतर दुरुस्ती नाही. लॉगिन करणाऱ्या वर्गणीदारांचे नाते कुकीशी जोडायचे असेल तर ते रिक्वेस्टच्या ओळीत घालू नये. ‘खाते आणि कुकी’ असे दोन रकान्यांचे वेगळे टेबल करावे. एखाद्या वर्गणीदाराने माझी माहिती काढा म्हटले की तिथली त्याची ओळ खोडायची आणि रिक्वेस्टमधला कुकीचा क्रमांक नल करायचा. फॉरेन कीवर ‘कॅस्केड’ लावून ठेवले असेल तर त्याच्या रिक्वेस्टच्या ओळीही कुकीबरोबर जातील आणि गेल्या महिन्याचा छापून झालेला आकडा आज निराळा येईल; ‘सेट नल’ लावले असेल तर पाने उघडल्याचा आकडा तोच राहील, आणि ती कुणी उघडली हे मात्र डेटाबेसाला सांगता येणार नाही.